हवा कुठली मानवली?

(ज्येष्ठ सदस्यांच्या मासिक मेळाव्यात आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या नेदरलँड्समधील एका इस्पितळाच्या फुप्फुस तपासणी विभागातून निवृत्त झाल्या आहेत. मेळाव्याला येऊ न शकलेल्या सदस्यांच्या आग्रहावरून तो येथे छापत आहोत. – संपादक मंडळ)



आरती झाली आहे, प्रसादाचा वास येतो आहे, तेव्हा मी फार लांबण लावणार नाही. मला दम्यावर बोलायला सांगितले आहे. दम्याबद्दल तुमच्यातल्या पुष्कळांना माझ्याहून जास्त ठाऊक असेल, कारण पंप तुमच्या खिशात आहे. म्हणून मी दम्याच्या एकाच प्रकाराबद्दल बोलते. जो दमा माणसाला त्याच्या रोजच्या कामातून जडतो, त्याबद्दल. आणि सुरुवात माझ्या घरापासून करते. ज्यांची ही गोष्ट आहे ते समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांची परवानगी काल रात्रीच घेतली आहे.

आम्ही 1981 साली या देशात आलो. 1984 मध्ये ह्यांना एका मोठ्या बेकरीत नोकरी लागली. पावाचा कारखानाच तो. रात्रपाळी असे. पोती फोडून पीठ मोठ्या घमेल्यासारख्या यंत्रात ओतायचे, मळून झाले की यंत्र झाडून ठेवायचे. पहाटे घरी येत तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असत. मी थट्टा करायचे, की बाहेर बर्फ पडला वाटते.

तिसऱ्या वर्षी ह्यांना शिंका सुरू झाल्या. नाक वाहायचे, डोळे चुरचुरायचे. आम्ही म्हटले, इथली थंड दमट हवा. मग खोकला आला. हा खोकला कामावर फारसा नसे. घरी येऊन झोपले की दुपारच्या सुमारास ढास लागायची आणि छातीत शिट्टी वाजायची. साहजिकच आम्ही घरातच कारण शोधत बसलो. गालिचा काढून टाकला. उशा बदलल्या. फोडणी देताना मी दार लावून घेऊ लागले. देवापुढचा धूप तर आम्ही सहा वर्षे बंद ठेवला होता. बिचाऱ्या देवाने ते गोड मानून घेतले असेल, पण खोकल्यात तिळमात्र फरक पडला नाही.

फरक पडायचा तो भारतात गेलो की. दिवाळीला सहा आठवड्यांची रजा काढून पुण्याला गेलो, तर दुसऱ्या आठवड्यात पंप बाजूला पडला. पुण्यातली धूळ, रिक्षांचा धूर, फटाके, सगळे असूनही रात्रभर शांत झोप. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मायदेशाची हवा मानवली लेकराला." आम्हालाही ते पटले. मनाला बरे वाटणारी गोष्ट होती ती. परत आल्यावर कामावर रुजू झाले की आठवड्याभरात छाती पुन्हा भरायची, आणि आम्ही पुन्हा हॉलंडच्या पावसाला दोष द्यायचो.

यात लाजेची गोष्ट माझी आहे. मी स्वतः इस्पितळात लोकांच्या फुप्फुसांची ताकद मोजत होते. दिवसाला दहा-बारा माणसांना सांगायचे, खोल श्वास घ्या, जोरात फुंका. आणि घरच्या माणसाला एक साधा प्रश्न मला सुचला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तो प्रश्न 1993 साली एका तरुण फुप्फुसतज्ज्ञाने विचारला. "रजेवर असलात की कसे वाटते?" हे म्हणाले, "भारतात गेलो की उत्तम." डॉक्टरांनी पुढे विचारले, "आणि रजा घेऊन याच देशात राहिलात तर?" आम्ही एकमेकांकडे बघितले. आदल्याच वर्षी आम्ही मुलांना घेऊन आठवडाभर लिम्बुर्गला गेलो होतो. सातही दिवस पाऊस. मुले कंटाळून गेली होती. पण ह्यांना खोकला नव्हता. पाऊस तोच, थंडी तीच, देश तोच, फक्त पीठ नव्हते.

त्यानंतर चार आठवडे ह्यांना फुंकायचे छोटे यंत्र दिले. दिवसातून चार वेळा फुंकायचे आणि आकडा लिहायचा. दोन आठवडे कामाचे, दोन रजेचे. आकडे कागदावर मांडले तेव्हा कामाच्या दिवसांत रेघ खाली उतरत गेलेली दिसली, रजेत वर चढलेली. रक्ततपासणीत गव्हाच्या पिठाची ॲलर्जी निघाली. पाव मऊ राहावा म्हणून पिठात अमायलेज नावाचे एन्झाइम मिसळतात, त्याचीही निघाली. म्हणजे ह्यांना जी मानवली होती ती बिनपिठाची हवा. पुण्याच्या हवेला आम्ही उगाच श्रेय देत होतो.

असे होते कसे?

आपले शरीर धुळीला रोजच तोंड देते. पण काही पदार्थ श्वासावाटे पुन्हा पुन्हा आत गेले की काहींच्या शरीराचा पहारेकरी त्यांना शत्रू समजू लागतो. हे एका दिवसात होत नाही, काही महिने किंवा काही वर्षे जातात. म्हणूनच माणूस म्हणतो, "इतकी वर्षे हेच काम करतोय, आताच कसा त्रास होईल?" पण ती इतकी वर्षेच तयारीची असतात. पुष्कळदा आधी नाक आणि डोळे इशारा देतात, मागून छाती. आणि एकदा शत्रू ठरला की चिमूटभर धूळही पुरते.

दुसरी फसवणूक वेळेची. काहींना त्रास कामावर लगेच होतो, काहींना चार ते आठ तासांनी. तोवर माणूस घरी पोचलेला असतो. मग धूप, मांजर, गालिचा, सुनेची फोडणी, सगळ्यांवर आळ येतो. काम मात्र नामानिराळे राहते.

ही गोष्ट नवी नाही. इटलीत बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी 1700 साली कामकऱ्यांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. पिठाच्या धुळीने भटारी आणि गिरणीवाले कसे खोकतात, त्यांचा श्वास कसा कोंडतो, हे त्यात आहे. वैद्याने रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा असे त्यांनी सुचवले, की तू काम काय करतोस? तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आपल्यातल्या लालबाग-परळच्या मंडळींना सूतगिरणीतल्या कार्डिंग खात्याची आठवण असेल. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची खूण अशी, की सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळते. तो आजार आणि हा दमा एक नव्हेत. पण शिकवण एकच आहे. श्वासाचा त्रास आणि कामाचा वार हे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

फक्त बेकरीच नव्हे

मोठेपणी सुरू झालेल्या दम्याच्या साधारण सहा-सात रुग्णांत एकाच्या आजारात कामाचा हात असतो, असा अंदाज जगभरच्या अभ्यासांतून निघाला आहे. बेकरी आणि पिठाच्या गिरण्या आहेतच. त्याशिवाय गाड्यांना फवाऱ्याने रंग देणारे, फोम बनवणारे, सुतार, केस फिके करण्याची पूड वापरणाऱ्या केशकर्तनालयातल्या मुली, प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणारे, दिवसभर फवारे मारून साफसफाई करणारे, असे पुष्कळ जण यात येतात.

आणि हॉलंडची खास गोष्ट म्हणजे काचेची शेतघरे. हेगच्या दक्षिणेला वेस्टलँडमध्ये ती तुम्ही पाहिली असतील. रात्री आभाळ त्यांच्या दिव्यांनी पिवळे दिसते. आपण आणतो त्या भोपळी मिरच्या अशाच घरांत पिकतात. मिरचीच्या फुलांचे परागकण बंद हवेत साचतात. रॉटरडॅमच्या संशोधकांनी 2002 साली या मिरचीघरांत काम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून जास्त कामगारांनी कामावर त्रास होतो असे सांगितले, आणि सुमारे एक तृतीयांश जणांना त्या परागकणांची ॲलर्जी निघाली. पुढे त्यावर एक सुंदर उपायही तपासला गेला. शेतघरांत मधमाश्या सोडल्या. माश्या परागकण गोळा करून नेतात, हवेतले प्रमाण घटते, आणि कामगारांच्या नाकाचा त्रास कमी होतो. दोष माणसाच्या छातीत शोधण्याऐवजी कामाच्या हवेत शोधला की असा मार्ग सापडतो.

बेकऱ्यांतही या शतकाच्या सुरुवातीला मालक, कामगार संघटना आणि सरकार यांनी पिठाची धूळ कमी करण्याचा करार केला. उपाय साधेच आहेत. पोते उंचावरून झटकू नये, तोंड खाली धरून हळू रिकामे करावे. कोरड्या झाडूऐवजी शोषक यंत्र वापरावे. हवेच्या झोताने यंत्रे साफ करू नयेत. ओट्यावर पीठ भुरभुरण्याऐवजी शक्य तिथे तेलाचा हात फिरवावा. आपल्या मंदिराच्या स्वयंपाकघरातही उत्सवाच्या दिवशी मोठ्या प्रमाणात कणीक मळली जाते, तिथे या गोष्टी पाळाव्यात अशी माझी विनंती आहे. मात्र घरच्या चार पोळ्यांच्या पिठाला कोणी घाबरू नये. प्रश्न रोज, तासन् तास, ढगासारख्या उडणाऱ्या पिठाचा आहे.

सोसणे हा गुण, पण इथे नाही

आता जे बोलायला मी उभी आहे ते बोलते. आपल्याकडे म्हणतात, दमा माणसाबरोबरच जातो. कामातून होणारा दमा लवकर ओळखला आणि त्या धुळीपासून माणूस लवकर दूर झाला, तर तो बराच कमी होऊ शकतो, काहींचा पूर्ण थांबतोही. पण वर्षानुवर्षे पंप घेत त्याच धुळीत उभे राहिले, तर पुढे धूळ सोडली तरी दमा सोडत नाही. ह्यांचे तसेच झाले. 1994 मध्ये कंपनीने ह्यांना दुसऱ्या इमारतीत माल रवानगीच्या कामावर घेतले. त्रास कमी झाला, गेला नाही. आजही जिना चढताना हे मध्ये थांबतात आणि भिंतीवरचे चित्र बघत असल्याचा आव आणतात. ती सहा-सात वर्षे आम्ही सोसण्यात घालवली नसती तर चित्र वेगळे असते.

आपली पिढी सोसणारी. परक्या देशात नोकरी मिळाली हेच मोठे वाटायचे, तक्रार करणे म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणे वाटायचे. तीच शिकवण आपण मुलानातवंडांना देत असू, तर कृपा करून या एका बाबतीत देऊ नका. शिकायला आलेली आपली मुले आठवड्यातून दोन-तीन दिवस बेकरीत, शेतघरात, साफसफाईत काम करतात. त्यांच्या खोकल्याकडे डॉक्टरांच्या आधी तुमचे लक्ष जाते. तेव्हा तीन प्रश्न विचारा. त्रास हे काम धरल्यानंतर सुरू झाला का? सुट्टीत, रजेत बरे वाटते का? कामावरच्या आणखी कोणाला असाच त्रास आहे का? यातल्या एकाचेही उत्तर "हो" आले तर ते हाउसआर्ट्सला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, स्पष्ट शब्दांत सांगायचे. "खोकला येतो" एवढेच सांगून थांबू नका. "कामाच्या दिवशी येतो, रजेत जातो" असे सांगा.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, या देशात प्रत्येक कामगाराला बेद्राइफ्सआर्ट्सकडे, म्हणजे कामगारांच्या डॉक्टरांकडे, आजारी पडण्याआधीही जाऊन बोलता येते. 1 जुलै 2017 पासून हा हक्क कायद्यात आहे, आणि दुसऱ्या अशाच डॉक्टरचे मत मागण्याचाही. दोन, हे डॉक्टर आजाराचे नाव मालकाला सांगू शकत नाहीत. कोणते काम जमेल आणि कोणते जमणार नाही, एवढेच सांगतात. कामातून झालेला आजार ते ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय केंद्राला कळवतात, तेही नावाशिवाय. तीन, घाईने राजीनामा देऊ नका. आजारी कामगाराचा पगार साधारण दोन वर्षांपर्यंत, निदान सत्तर टक्के, चालू राहतो. स्वतःहून नोकरी सोडली तर हे हक्क धोक्यात येतात. शिवाय तपासण्याही नोकरी चालू असतानाच नीट होतात. चार, पंप मनाने बंद करू नका.

निवृत्त झालेल्यांसाठी

तुम्ही म्हणाल, बाई, आमचे काम संपले, आता आम्हाला काय त्याचे? तुमच्यासाठीही एक गोष्ट आहे, आणि ती पुष्कळांना माहीत नाही.

1967 साली या देशात डब्ल्यूएओ कायदा आला. आजार कामामुळे झाला की दुसऱ्या कशाने, हा भेद त्याने काढून टाकला. कोणत्याही कारणाने काम करता येईना, तरी आधार सारखाच. हेतू उदात्त होता. पण त्यामुळे आजार कामातून आला का, हे तपासण्याची निकडही कमी झाली. 1 जानेवारी 2023 पासून मात्र सरकारने एक योजना सुरू केली आहे. तिचे नाव टीएसबी. कामावरच्या घातक पदार्थांमुळे झालेल्या आजारांसाठी एकरकमी आर्थिक मदत. सुरुवातीला तीन आजार घेतले, आणि त्यांतला एक म्हणजे कामातून झालेला ॲलर्जीचा दमा. रक्कम वीस हजार युरोंहून जास्त आहे. ती देते एसव्हीबी, तुमचे एओडब्ल्यू पेन्शन देते तीच कचेरी. अर्जाचे काम मात्र ॲस्बेस्टॉसग्रस्तांसाठीच्या संस्थेकडे सोपवले गेले. त्यामुळे कुठल्या कागदावर ॲस्बेस्टॉसचे नाव दिसलेच, तर ते बघून "हे आपले नव्हे" म्हणून परत फिरू नका. तज्ज्ञांचे मंडळ कागदपत्रे तपासून निर्णय देते. मालकाशी कोर्टात भांडावे लागत नाही, कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही.

आमच्या घरी यावरून महिनाभर वाद झाला. हे म्हणायचे, "या वयात हात कशाला पसरायचा?" मी म्हणायचे, हात पसरणे नव्हे हे. तुमच्या श्वासाचा हिशेब आहे, आणि तो सरकारनेच मांडून ठेवला आहे. शेवटी मुलीने समजावले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अर्ज केलात तर नोंद होईल. नोंद झाली तर पुढच्या पोराच्या बेकरीत पंखा लागेल." तेव्हा कुठे सही झाली. निर्णय अजून यायचा आहे. मिळेलच असे मी कोणाला सांगत नाही.

ज्यांना आपल्या बाबतीत शंका वाटते त्यांनी एवढे करा. कुठल्या वर्षी कुठे, कोणते काम केले, कशाची धूळ किंवा वाफ होती, हे एका वहीत लिहून काढा. यूडब्ल्यूव्हीकडून नोकऱ्यांची नोंद मागवता येते, पण जुन्या नोकऱ्यांसाठी पगाराच्या पावत्या, कंपनीची पत्रे, ओळखपत्रे शोधा. बरोबर काम केलेल्यांची नावे आठवा. डॉक्टरांची जुनी पत्रे फेकू नका. आमच्याकडे 1993 चा तो फुंकण्याचा तक्ता लग्नाच्या फोटोंच्या पेटीत सापडला, आणि अर्जात तोच सर्वांत जास्त उपयोगी पडला. हे सगळे घेऊन आधी हाउसआर्ट्सकडे जा. प्रत्येक दमा कामामुळे झालेला नसतो, हेही मनात असू द्या. सिगारेट, वय, हृदय, कारणे पुष्कळ असतात. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

शेवटचे सांगते. निदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरातला धूप पुन्हा सुरू केला. हे देवासमोर बसले होते. धूर त्यांच्याकडे गेला आणि मी घाबरून बघत राहिले. ह्यांनी हात जोडले, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "याचा काही दोष नव्हता गं." माझ्या डोळ्यांत पाणी आले. सहा वर्षे आम्ही ज्याला दूर ठेवले त्याचा संबंध नव्हता, आणि ज्याच्यापासून दूर जायचे होते त्यात रोज रात्री ह्यांना डबा देऊन पाठवत होतो, तेही माझ्याच हाताने. तुमच्या घरात असे होऊ नये, एवढ्यासाठी आज बोलले.

आता प्रसाद घेऊ या.

—

विश्वस्त मंडळाचे निवेदन: या भाषणानंतर काही सदस्यांनी मदतीची विचारणा केली. डच भाषेतील पत्रे वाचून देणे, अर्ज भरणे, डॉक्टरांकडे सोबत जाणे यासाठी वेळ देऊ शकणाऱ्या स्वयंसेवकांची आपल्याला गरज आहे. दर महिन्याच्या मेळाव्यात प्रसादानंतर तासभर अशी मदत मंदिरातच उपलब्ध राहील. येताना कागदपत्रांच्या प्रती आणाव्यात, मूळ कागद घरीच ठेवावेत. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या येण्याजाण्याचा खर्च साहाय्य निधीतून केला जातो. ज्यांना शक्य आहे त्यांनी या निधीस यथाशक्ती हातभार लावावा, ही नम्र विनंती. मदत घेणाऱ्यांची नावे गुप्त ठेवली जातील.